तिसऱ्या गिअरची कुरकुर

आमच्या घरात त्या लाल टर्बोचे जेवढे लाड झाले तेवढे माझे झाले नाहीत. ह्यांनी बँकेत असताना ती हौसेने घेतली. आता हे निवृत्त, गाडीही जुनी. तरी रविवारी पहाटे नुंगंबाक्कमच्या घरातून निघून तिला महाबलीपुरमच्या रस्त्यावर मोकळी सोडायची आणि खुशीत घरी परतायचं, हा नेम कधी चुकला नाही.

मग तिसरा गिअर टाकताना ती कुरकुरायला लागली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात आमची बडदास्त उत्तम: एसी, कॉफी, मऊ बोलणं. कॉम्प्युटरला दोष सापडला नाही, तरी त्यांनी क्लच बदलून दिला. कुरकुर तशीच. शेवटी तिथला सल्लागार अदबीने म्हणाला, "सर, आता ऑटोमॅटिक घ्या. या वयात कशाला त्रास?"

ह्यांनी थँक्यू म्हटलं, घरी येऊन किल्ली कपाटात टाकली आणि रविवारी पेपर उघडून बसले. डावा गुडघा दुखतो हे मला केव्हापासून दिसत होतं, पण डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर यायचे. तेव्हा मी चिडायचे. त्या पेपरमागे लपलेल्या माणसाकडे मात्र मला बघवेना.

अंबत्तूरला एक बाई फक्त अशा जुन्या, वेगवान गाड्यांचं काम करते असं कळलं. पूर्वी ती कंपनीच्याच सर्व्हिसमध्ये इंजिनिअर होती. मी ह्यांना जवळजवळ ओढत तिथे नेलं. तिचं घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची, तमिळ मिसळलेली. तिने बॉनेट उघडलंच नाही. मालकाने चालवायची आणि आपण मागे बसून डोळे मिटून ऐकायचं, ही तिची पद्धत. शेजारी बसलं की लोक परीक्षा दिल्यासारखे चालवतात म्हणे.

तिथल्या औद्योगिक वसाहतीला एक फेरी झाली. गिअर कुरकुरला. डोळे न उघडताच ती म्हणाली, "मामा, गाडींत दोष आहे, तुमच्या पायांतही आहे."

हे आरशात बघत राहिले.

"गिअरच्या दांड्याखालचें बुश झिजलें आहे, तें मी बदलतें. पण क्लच पुरा दबत नाहीं. गुडघा दुखतो नां? सीट मुन्नाडी घ्या."

मागे रेलून, हात ताठ ठेवून चालवायचं, ही ह्यांची तरुणपणापासूनची ऐट. सीट पुढे ओढणारे सगळे ह्यांच्या लेखी शिकाऊ. मला वाटलं, आता भडकणार. हे खाली वाकले, कळ दाबली आणि सीट पुढे सरकवली.

ती बाई मला तिथेच आवडली. तिने काही गोड करून सांगितलं नाही, म्हणून तर ह्यांना पटलं. ह्यांचं चालवणं संपलंय असं तिला वाटलंच नव्हतं. गाडीसारखंच ह्यांचंही जे झिजलं होतं तेवढंच तिने दाखवलं.

बुश बसल्यावर आम्ही निघालो. तिसरा गिअर आवाज न करता पडला. मग सिग्नलला थांबल्यावर हे समोरच बघत म्हणाले, "त्या गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव."

इतके दिवस मी हेच सांगत होते! मला राग यायला हवा होता. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.