पाण्यात ठेवलेला पत्रा

अनसूयाताई गेल्याचा फोन त्यांच्या धाकट्या भावाने, मल्लेशअण्णांनी केला, तेव्हा मी मंद्रूपच्या आठवडी बाजारात मेथी घेत होते. "अक्का गेली," एवढंच ते म्हणाले. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं मला. आता मला कुणी जाब विचारणार नाही, असं... पाच आठवडे झाले, त्या क्षणाची किळस अजून जात नाही.

ताई सोलापुरातल्या विणकर घरातल्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि पुढे धातुशास्त्राची पदवी. परराज्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्या नायोबियम नावाच्या धातूचे पत्रे तपासत; मी त्यांच्या हाताखाली कंत्राटी तंत्रज्ञ होते. या पत्र्यांचे पोकळ पेले करून त्यांतून अणूपेक्षाही लहान कणांना वेग देतात. अतिथंड केला की हा धातू विजेला जवळजवळ अडवतच नाही. पण त्यात लोखंडाचा एखादा बारीक कण रुतलेला असला, तर तेवढी जागा तापते आणि सगळा पेला वाया जातो. तो कण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ताई पत्रा दिवसभर शुद्ध पाण्याच्या टाकीत ठेवत. नायोबियम गंजत नाही, लोखंड गंजतं. तांबूस ठिपका उठला की पत्रा नापास. मी अधूनमधून वाकून बघायला लागले की म्हणायच्या, "घाई नको करू, सुनंदा. पाण्याला त्याचं काम करू दे की."

एकदा एका खेपेतल्या पत्र्यांवर ठिपकेच ठिपके उठले. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते, मांडव घातला होता. प्रमुख साहेब खाली आले आणि म्हणाले, ठिपके घासून टाका आणि पत्रे पास करा. ताई म्हणाल्या, "वरचा डाग जाईल, साहेब. आत रुतलेलं लोखंड तसंच राहील." साहेब आमच्या सगळ्यांदेखत हसले. "बाई, हा साडीवरचा डाग नाही, एवढं मनाला लावून घ्यायला." काहीजण त्यांच्याबरोबर हसले. ताईंनी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. मला कायम करण्याची फाइल त्यांच्या टेबलावर होती. संत्रं सोलत, बिया बशीत थुंकत ते म्हणाले, तपासनीस म्हणून सही तुम्हीही करू शकता. ती ओली बशी मला अजून दिसते. मी सही केली.

पेले तयार झाले, थंड केले आणि पहिल्याच चाचणीत निकामी ठरले. मग चौकशी बसली. निष्कर्ष असा निघाला की, लोखंड पत्र्यांना ताईंच्या टाकीतूनच लागलं. म्हणजे ज्यांनी दोष दाखवला, त्यांनीच तो केला. समितीने मला विचारलं, "टाकी स्वच्छ असायची का?" ती टाकी रोज सकाळी मी स्वतः धूत होते. मी म्हणाले, "खात्रीने सांगता येणार नाही."

ताई वेळेआधी निवृत्त होऊन जुळे सोलापूर या उपनगरात राहायला आल्या. पुढे निवृत्तीनंतर मीही गावी परतले आणि अधूनमधून त्यांच्याकडे जाऊ लागले. एकदा धीर करून म्हणाले, "ताई, त्या सहीचं..." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "चहा निवतोय. पी आधी." पुन्हा मी विषय काढला नाही. त्यांनी नको म्हटलं, असं स्वतःला सांगत राहिले. सोयीचं होतं ते.

शोकसभा त्यांच्या जुन्या कॉलेजच्या सभागृहात झाली. कुठल्याशा कार्यक्रमासाठी शहरात आलेले साहेब व्यासपीठावर होते; केस पिकलेले, गळ्यात उपरणं. ताईंच्या फोटोला हार घालून ते म्हणाले, "यांच्या नजरेतून धुळीचा कण सुटला नाही. आम्ही यांच्याकडून सचोटी शिकलो." लोक माना डोलावत होते. मी उठायला हवं होतं. उठले ती सगळ्यांबरोबर, दोन मिनिटं शांत उभं राहायला. नंतर चहा आणि भजी होती. साहेबांनी भजी खाल्ली, रुमालाला हात पुसले आणि त्याच हाताने माझा खांदा थोपटला. "तुम्ही त्यांच्या जवळच्या, नाही का?"

मी "हो" म्हणाले.

तिथून अण्णांबरोबर ताईंच्या घरी गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात एक फाइल होती. दर वर्षी एक, अशी बारा पत्रं, सगळी प्रयोगशाळेला. त्यांत ताईंनी लिहिलं होतं: त्या खेपेतला एक पत्रा अजून भांडारात पडून आहे. तो माझ्या टाकीत कधीच गेला नव्हता. दुसऱ्या कुणीही, दुसऱ्या पाण्यात तो ठेवून बघावा. एवढीच मागणी. उत्तरं एका ओळीची होती... प्रकरण बंद झालं आहे.

अण्णा चष्मा लावून वाचत होते. म्हणाले, "प्रत्येक पत्रात शेवटी हे एकच वाक्य आहे बघा. 'सही करणारी कर्मचारी कंत्राटी होती व तिच्यावर दबाव होता, तरी तिच्यावर कारवाई होऊ नये.' कोण ही? तुमच्या ओळखीची आहे का?"

"मीच ती, अण्णा."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. फाइल माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मग यंदाचं पत्र तुमी लिवा की."

लिहिलं. ताईंच्याच मजकुरावरून, शब्दाला शब्द. फक्त शेवटचं ते वाक्य गाळलं आणि त्या जागी माझं पूर्ण नाव घातलं.