वाचलं आहे – र.

लष्कर मोहल्ल्यात शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानाला लागून रघूत्तमरावांचं पुस्तकांचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं कधीच उडाली, पण म्हैसुरातल्या जुन्या मराठी घरांना पाटी लागतच नाही. त्यांच्या लेखी हे चिठ्ठीचं दुकान. तिथे कादंबऱ्या मिळतात, नाही असं नाही, पण रघूत्तमरावांचा जीव आत्मचरित्रांत, आठवणींत, प्रवासाच्या नि आजारपणाच्या हकिगतींत. खऱ्या माणसांची पुस्तकं, असं ते म्हणत, आणि अशा पुस्तकात ते चिठ्ठी घालत. घरी येऊन पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका कापून पट्ट्या करायच्या आणि कोऱ्या बाजूवर दोन-तीन ओळी लिहायच्या. हे कुणी वाचावं, कधी वाचावं, कुणी हातही लावू नये. खाली ठरलेले शब्द: 'वाचलं आहे – र.'

ही रीत त्यांच्या वडिलांची, वेंकोजीरावांची. न वाचलेलं पुस्तक खुशाल विकावं, पण त्याची शिफारस केली तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक झाली, असं ते मुलाला सांगत. मुलाने चाळीस वर्षं ते पाळलं. एकदा गावातल्या एका बड्या डॉक्टरांनी स्वतःचं आत्मचरित्र विकायला आणून दिलं, तर रघूत्तमरावांनी चिठ्ठीत लिहिलं, 'पहिली पन्नास पानं सोडा, तिथे नुसते सत्कार आहेत.' डॉक्टर वर्षभर दुकानासमोरून तोंड फिरवून जात होते. पुस्तक मात्र हातोहात खपलं.

आता लाजेची गोष्ट सांगायची तर अशी, की गेल्या दोन वर्षांत रघूत्तमरावांनी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की अर्ध्या तासाचं काम आहे, दुसऱ्या दिवशी घरी जाल. पण वडिलांचा एक डोळा ऑपरेशनातच गेलेला त्यांनी पाहिला होता. त्या भीतीने ते आज-उद्या करत राहिले आणि अक्षरं हळूहळू मुंग्यांची रांग झाली. चिठ्ठ्या मात्र थांबल्या नाहीत. पुस्तकाच्या पाठीमागचा मजकूर भिंगातून कसाबसा लावायचा, एका गिऱ्हाइकाने सांगितलेलं दुसऱ्याला लिहून द्यायचं, हाताच्या सवयीने खाली सही ठोकायची. पहिल्या चिठ्ठीच्या वेळी सही करताना ते दोनदा अडले होते. दहाव्या वेळी काहीच वाटलं नाही, आणि ते काहीच न वाटणंच पुढे त्यांना जास्त बोचलं.

तीन आठवड्यांपूर्वी तुंगाबाई आल्या होत्या. सरस्वतीपुरमच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बोलायला चोख. त्यांचे यजमान नरसिंहमूर्ती यांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. रोज चारच्या कॉफीनंतर त्यांना काहीतरी वाचून दाखवायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. उगीच गोडगोड नको, खऱ्या माणसाचं हवं, एवढंच त्यांचं मागणं. रघूत्तमरावांनी एका स्टेशनमास्तराचं आत्मकथन काढून दिलं. जन्मभर गाड्यांची घोषणा केलेल्या माणसाची वाचा जाते, अशी हकिगत. मागे छापलं होतं, 'मौनाकडून शब्दाकडे'. त्यावर विसंबून त्यांनी लिहून टाकलं, 'घरात बोलणं थांबलं असेल तर हे वाचा. शेवटपर्यंत सोडू नका. धीर येईल. वाचलं आहे – र.' बाईंनी प्रकरणं मोजली, बावीस. रोज एक, म्हणजे तीन आठवडे निघतील म्हणाल्या आणि समाधानाने गेल्या.

त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आभाने नेली होती. आभा पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुलगी, दर शनिवारी दुकानात यायची. या शनिवारी ती आली आणि टेबलापाशी नुसती उभी राहिली. मग म्हणाली, काका, तुम्ही शेवटाचा पत्ता लागू दिला नाहीत, कमाल आहे तुमची. शेवटचं प्रकरण मास्तरांच्या बायकोने लिहिलं आहे हे कळलं तेव्हा ती ऑफिसच्या बसमध्येच रडली होती. मास्तर एक शब्दही न बोलता गेले. शब्दाकडे येते ती बायको, मास्तर नव्हे.

आभा पुढे बरंच बोलत होती, रघूत्तमरावांच्या कानांत काही शिरत नव्हतं. बोटांवर त्यांनी दिवस मोजले. आज बाविसावा.

त्यांनी शटर ओढलं आणि शेजारच्या यंत्रवाल्याला नुसती हाताने खूण केली. शनिवारी दुपारी हे दुकान बंद झालेलं मोहल्ल्याने पाहिलं नव्हतं. बसथांब्यावर येणारी प्रत्येक बस त्यांना सारखीच दिसत होती, तेव्हा कंडक्टरला विचारून विचारून सरस्वतीपुरमची बस पकडावी लागली. वाटेत त्यांनी बाईंना काय सांगायचं ते जुळवलं. छपाईत चूक आहे, शेवटची पानं दुसऱ्याच पुस्तकाची लागली आहेत, बदलून देतो. हे सुचलं म्हणून त्यांना क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. एक खोटं निस्तरायला आणखी एक, या वयात. आजारी माणसाच्या उशाशी आपण मरण पाठवलंय आणि वर सही केली आहे, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

फाटकापाशी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. दार उघडं होतं आणि तुंगाबाईंचा वाचनाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. रघूत्तमराव चपला न काढताच उंबऱ्यात थबकले. आत खुर्चीत नरसिंहमूर्ती मान पुढे काढून ऐकत होते. आणि बाई वाचत होत्या, की एका सकाळी मास्तर गॅलरीत बसलेले असताना लांबून शिटी ऐकू आली, त्यांचे ओठ हलले, आणि ते स्पष्ट म्हणाले, 'गाडी वेळेवर आहे.'

नरसिंहमूर्तींचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटू लागला. घशातून आवाज आला, ग, ग. बाईंनी पुस्तक मिटून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग दारातल्या पाहुण्यांकडे पाहून बसा म्हणाल्या आणि कॉफी आणायला आत गेल्या.

रघूत्तमरावांना वाटलं, सुटलो. आभानेच काहीतरी उलटसुलट वाचलं असणार. आजकालच्या मुली, मोबाइल बघत बघत वाचतात. एवढा हलका श्वास त्यांनी दोन वर्षांत घेतला नव्हता.

बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ठेवलेला कॉफीचा पेला पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ताचं ते पुस्तकात नाही. तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही सुम्ने, गप्प बसलात, बोलून घालवलं नाहीत, फार बरं केलंत."

रघूत्तमरावांचा पेला तोंडापर्यंत जाऊन थांबला.

मग बाईंनी सगळं सांगितलं. शाळेत असताना त्यांनी कधी धडा आधी स्वतः वाचल्याशिवाय शिकवला नव्हता. तसं पाचव्या दिवशी दुपारी, यजमान झोपल्यावर, त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढलं. शेवटाला आल्यावर रघूत्तमरावांचा इतका राग आला की पुस्तक उचलून कचऱ्यात टाकणार होत्या. तेवढ्यात आतली चिठ्ठी पडली.

"वाटलं, या माणसाने शेवट वाचलाय आणि तरी मला दिलंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत. मुलं फोनवर सगळं ठीक होईल म्हणतात. तुम्ही एकट्याने मला खरं सांगितलंत, आणि मी ते सोसेन असं समजून सांगितलंत. यांच्यासाठी शेवट मी बदलला. पण माझ्यासाठी तुमची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर मी हे दिवस काढलेत, रघूत्तमराव."

गप्प राहणं किती सोपं होतं. कॉफी संपवायची, यजमानांची विचारपूस करायची आणि निघायचं. बाईंचा आधार शाबूत राहिला असता, दुकानाचं नावही. खरं सांगायचं तर रघूत्तमरावांनी तसं ठरवलंही होतं. पण बाईंनी पदराला हात पुसले आणि विचारलं, आता पुढचं कुठलं देता? असंच, तुम्ही स्वतः वाचलेलं.

"तुंगाबाई, मी ते वाचलेलं नाही," ते म्हणाले. आवाज आपलाच आहे की नाही, असं त्यांना वाटलं. "मला दिसत नाही. मागचं छापलेलं वाचून लिहिलं."

दूध उतू चाललं होतं, बाईंनी गॅस बंद केला. मग शाळेतल्यासारखं सरळ विचारलं, किती दिवस? दोन वर्षं, असं त्यांनी सांगितलं.

"शेजारच्या वनजेचा नवरा गेला, तेव्हा तुम्ही तिला पुस्तक दिलं होतं. ती अजून ते उशाशी घेऊन झोपते. तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

त्यांनी ऑपरेशनची भीती सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. वडिलांचा डोळा गेला तो तेव्हाच्या काळात. आपली नजर आपण भ्यालो म्हणून गेली, यात सांगण्यासारखं काय होतं? बाईंनी ओरडावं असं त्यांना वाटत होतं. ओरडल्या असत्या तर माफी मागता आली असती.

"आयतु," बाई म्हणाल्या, झालं म्हणावं तसं. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी पुस्तक आणलं, मधली चिठ्ठी काढली आणि ओट्यावर त्यांच्यापुढे ठेवली. "पुस्तक मी ठेवते. ते मास्तरांच्या बायकोने खरं लिहिलंय. ही तुमची तुम्ही न्या."

रघूत्तमरावांनी चिठ्ठी उचलली. नरसिंहमूर्तींना नमस्कार केला तर त्यांनी डावा हात वर केला, कारण त्यांच्या दृष्टीने हा चांगलं पुस्तक देणारा माणूस होता. ते सगळ्यांत वाईट झालं. मागे खुर्चीची दांडी पुन्हा वाजायला लागली. नरसिंहमूर्तींना तेच प्रकरण परत ऐकायचं होतं. बाईंनी पुस्तक उघडल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा स्वर, मघापेक्षा जरा जड, पण न अडखळता: एका सकाळी मास्तर गॅलरीत बसलेले असताना लांबून शिटी ऐकू आली.

फाटकाबाहेर लख्ख ऊन होतं. रघूत्तमरावांनी चिठ्ठी डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. स्वतःचंच अक्षर, पण एकही शब्द लागेना. खाली काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं.