हरलेले डाव आणि आत्या

आत्यानं कुणाला 'बिचारा' म्हटलेलं मला आठवत नाही. समोरचा रडायला लागला की ती चष्मा काढून पदरानं पुसत बसायची आणि रडणं थांबेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. थांबलं की विचारायची, "झालं? आता सांग, नेमकं कुठे चुकलं?" इंदूरला अन्नपूर्णा मंदिराच्या भागात तिची गणिताची शिकवणी होती. अकरावी-बारावीची मुलं तिच्या दारातून लाल डोळ्यांनी बाहेर पडत, आणि पुढच्या वर्षी त्यांचेच आईबाप धाकट्या भावंडाला घेऊन पुन्हा तिच्याच दारात उभे राहत.

मला इंदूरमध्ये नोकरी लागली तेव्हा मी देवासहून तिच्याकडे राहायला आलो. तिनं लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. मी त्या काळात फोनवर पोकर खेळायचो, तिच्यापासून लपवून. एका रविवारी हरलो आणि चिडून फोन दिवाणावर आपटला. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं, आता जुगारावर भाषण. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "काय झालं ते पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. पोकरमध्ये दोन पत्ते आपले असतात आणि बाकीचे मधे सगळ्यांसाठी उघडतात. माझ्या हातात दोन एक्के आले होते, याहून चांगली सुरुवात नसते. मधे तीन बदाम उघडले. तेवढ्यात बराच वेळ गप्प बसलेल्या एकानं आपलं होतं नव्हतं ते सगळं डावावर लावलं. मीही तेवढंच लावलं. त्याच्याकडे आणखी दोन बदाम निघाले, पाच बदाम झाले, आणि माझे एक्के वाया गेले. "नसीबच खराब, आत्या," मी म्हणालो.

आत्यानं आयुष्यात पोकर पाहिला नव्हता. तिनं नियम विचारून घेतले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "तो माणूस सगळी दुपार गप्प होता ना? मग बोलला तेव्हा तू ऐकलं का नाहीस? तुला एक्के सोडवेनात म्हणून. यात नसीब कुठे आलं, मिल्या? हा तुझा हट्ट आहे."

तिथून आमचे रविवार सुरू झाले. खेळलेला प्रत्येक डाव अ‍ॅपमध्ये पुन्हा बघता यायचा. सकाळचे पोहे झाले की मी लॅपटॉप उघडायचो आणि आत्या पडद्याचा खालचा कोपरा वहीच्या पुठ्ठ्यानं झाकायची, कारण डाव कोण जिंकलं ते तिथे दिसायचं. तिला ते बघायचंच नसायचं. प्रत्येक चालीला थांबवून ती विचारायची, की त्या क्षणी तुला काय माहीत होतं आणि माहीत असून तू काय केलंस. मी 'पण' म्हटलं की हात वर करायची. "बहाने नको बनवूस. सीधी बात सांग."

एकदा मी मोठा डाव जिंकलो आणि आनंदानं गरम जिलेबी घेऊन आलो. तिनं आधी डाव बघितला. मी अगदी वेड्यासारखा खेळलो होतो आणि शेवटच्या पत्त्यानं वाचलो होतो. तिनं पुडा माझ्याकडे सरकवला. असल्या डावाची जिलेबी तिला नको होती. मी ती एकट्यानं खाल्ली.

पुढे ती स्वतःही खेळायला लागली आणि वर्षभरात माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागली. स्वतःची चिरफाड करताना तर तिला दयामाया नसायची. मुलांच्या वह्या तपासायच्या आवाजात ती स्वतःला 'मूर्ख बाई' म्हणायची. माझ्या चुका तिला निदान समजायच्या. स्वतःच्या तिला सहन होत नसत.

ऑफिसातला माझा दोस्त पंकज एका रविवारी आला होता. त्यानं आपला हरलेला डाव हसत हसत, किस्सा सांगावा तसा सांगितला. आत्यानं तो त्याला पुन्हा सांगायला लावला, हसल्याशिवाय. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज कापायला लागला. "आंटी, खेळच तर आहे," असं काहीतरी बोलून तो चहा न घेता गेला आणि पुन्हा आला नाही. मी आत्यावर चिडलो. ती म्हणाली, "त्याला चूक शोधायची नव्हती. मन हलकं करायचं होतं. त्यासाठी रात्री सराफ्यातल्या ठेल्यांवर जावं, कचोरी खावी. माझ्याकडे कशाला यायचं?"

ग्वाल्हेरच्या एका मुलीनं मला लग्नाला नकार दिला तेव्हा आई फोनवर रडली. आत्या म्हणाली, मुलीनं बरोबर केलं, भेटीत तू दोन तास फक्त स्वतःबद्दल बोलत होतास. मला नोकरी सोडून फक्त पोकर खेळायचा होता, तेव्हा तिनं माझे सगळे जुने डाव मागून घेतले. महिनाभर बघितले. मग एका सकाळी दारात चपला घालत असताना मला म्हणाली, "तू मध्यम आहेस. एक चूक सुधारतोस आणि नवी करतोस. मेहनतीनं हे जाणार नाही." मी तिच्याशी कित्येक दिवस बोललो नाही. नोकरी मात्र सोडली नाही.

नंतर कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले. नोकऱ्या सोडून खेळणारी ओळखीची पोरं घरी बसली. मी आत्याला म्हणालो, तुझं बरोबर निघालं. तिनं ते श्रेयही घेतलं नाही. "कायदा येणार हे मला कुठे माहीत होतं? हे निव्वळ नसीब. तू मध्यम होतास, एवढंच मला माहीत होतं."

त्याच वर्षी तिच्या काखेत गाठ निघाली. तिला ती दिवाळीत हाताला लागली होती. बारावीची परीक्षा संपेपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे गेली तेव्हा ते माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही, यावरूनच तिला काय ते कळलं.

दवाखान्यात नातेवाईक येऊन देवाच्या इच्छेबद्दल बोलत. आत्या भिंतीकडे तोंड करून पडायची. एका दुपारी देवासहून आलेली आई चहा आणायला खाली गेली होती. आत्यानं मला जवळ बोलावलं.

"सगळे देवाचं नाव घेतात. तू सांग. कुठे चुकलं?"

मी म्हटलं, राहू दे ना. ती म्हणाली, "मी तुला काय शिकवलं?"

"दिवाळीत," मी म्हणालो. "गाठ लागली त्याच आठवड्यात जायला हवं होतंस."

"मुलांची परीक्षा होती."

"परीक्षेला तेव्हा तीन-चार महिने होते, आत्या. तू घाबरली होतीस."

तिच्या शिकवणीतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे मी वर्षानुवर्षं पाहिले होते. तसाच तिचा चेहरा झाला. "पण मला दुखत नव्हतं रे," ती म्हणाली. मग पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाली, "तू जा आता."

दुसऱ्या दिवशी आई खोलीच्या दाराशीच मला भेटली. मिल्याला आत पाठवू नका, असं आत्यानं सांगितलं होतं. मी काय बोललो ते आईला सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "विचारलं म्हणून सांगायचं असतं का, बेटा?"

त्यानंतर मी रोज ऑफिस सुटल्यावर यायचो आणि बाहेरच्या बाकावर बसायचो. एकदा शेजारच्या काकू आत होत्या आणि दार अर्धं उघडं होतं. तुझ्या राशीला साडेसाती सुरू आहे, माणूस काय करणार, असं त्या तिला समजावत होत्या. आत्या त्यांचा हात धरून 'हो ना, हो ना' म्हणत होती. त्या निघायला लागल्या तेव्हा तिनं त्यांना उद्याही यायला सांगितलं. मी आईकरवी निरोप पाठवून पाहिला, माफी मागितली. आई दर वेळी नकारार्थी मान हलवत बाहेर यायची.

मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आता ज्यांना भेटायचं त्यांनी भेटून घ्या, पेशंटला आता काही कळत नाहीये. मला कुणी अडवलं नाही. मी आत गेलो आणि तिच्या उशाशी बसलो. तिचा चष्मा टेबलावर होता आणि त्याच्याशिवाय ती लहान दिसत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की दिवाळीत गेली असतीस तरी हेच झालं असतं, आत्या, तुझं काही चुकलं नाही. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. आई दारात उभी राहून ऐकत होती. यातलं काहीच खरं नव्हतं, आणि मला थांबवायला आत्या उरली नव्हती.