इराकची चिठ्ठी राहिली

त्या वर्षी मी वेल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. इराकवर हल्ला होऊन काही महिने झाले होते आणि भोरला शाळाशाळांची एक स्पर्धा जाहीर झाली होती. मुलांनी देशोदेशीचे प्रतिनिधी व्हायचं, सभा भरवायची आणि एका प्रश्नावर ठराव करायचा: युद्धात मोडलेला देश पुन्हा उभा करणं ही जबाबदारी कुणाची?

मुख्याध्यापकांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी वहीच्या कागदावर बारा देशांची नावं लिहिली, घड्या घातल्या आणि मुलांना एकेक चिठ्ठी उचलायला लावली. क्रिकेटच्या कॅप्टनला फ्रान्स आला. अमेरिका आली एका किरकोळ अंगाच्या, बारमाही सर्दीच्या मुलाला. नववीतल्या एका मुलीला न्यूझीलंड आला. ती हिर्डोशीकडची, मामाकडे राहून शिकणारी.

"बाई, ह्या देशाला काय बोलायचं असतंय?" तिनं विचारलं.

मलाही ठाऊक नव्हतं. "मदत करू म्हण," मी सांगितलं.

शाळेच्या मैदानाला लागून एका मावशींचं घर होतं. साठीच्या, एकट्या राहायच्या. मैदान आणि त्यांचा परस यांच्यामध्ये कमरेइतक्या उंचीचा, नुसते दगड रचून केलेला गडगा होता. पलीकडे गेलेले सगळे चेंडू मावशी कणगीत लपवून ठेवतात, असं मुलांचं पक्कं मत होतं. एका मधल्या सुट्टीत कॅप्टन वीसेक मुलं घेऊन गडग्यावरून झडतीला गेला. एवढी पोरं एकदम चढल्यावर गडग्याचा चांगला दोन खाटांएवढा भाग खाली बसला. चेंडू एकही सापडला नाही. दोन दुधी भोपळे मात्र चौकशीसाठी मैदानात आणले गेले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारी वर्गात तालीम चालली होती. कॅप्टन फ्रान्सच्या वतीनं बोलत होता, "पुराव्याशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं आम्हाला मान्य नाही." भाषण मीच लिहून दिलं होतं. तेवढ्यात मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्योच व्हता म्होरं," कॅप्टनकडे बघत त्या म्हणाल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मी मुलांना चांगलंच फैलावर घेतलं. आवाज ऐकून मुख्याध्यापक आले, त्यांनी प्रकरण समजून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाई, यावरच सराव घ्या," ते म्हणाले. "आयता विषय मिळालाय."

मग सभा भरली. गडगा कुणी मोडला, असं विचारल्यावर अकरा देशांनी अमेरिकेकडे बोट केलं.

"मी तर तवा डबा खात व्हतो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"पण चिठ्ठी तुझ्याकडं हाय," जर्मनी म्हणाला.

मावशी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "बाई, समद्यास्नी चिठ्ठ्या हायेत. माजी कुठं हाय?"

मी मनात देश मोजले. इराकची चिठ्ठी मी केलीच नव्हती. आठवडाभर आम्ही इराकबद्दल बोलत होतो आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुमचा देश या सभेत नाही, मावशी," मुख्याध्यापक समजुतीनं म्हणाले. "पण सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

"व्हय का," मावशी म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

पुढचे पाच दिवस त्या रोज आल्या. सभेनं पाहणी समिती नेमली. मुळात गडगा तिथं होता का, अशी शंका दोन देशांनी काढली. जपाननं घरून उरलेला निळा रंग आणला. मुख्याध्यापकांनी 'पुनर्उभारणी: आमचा संकल्प' असा फलक रंगवून खिंडारात रोवला. फलकाला वळसा घालून कुणाची तरी म्हैस रोज आत जायची आणि मावशींचा घेवडा खायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर काम सुरू झालं. प्रत्येक देशानं आपापले दगड रंगवून आणले आणि हजेरीच्या क्रमानं रचले. मधे एक दारही सोडलं होतं, चेंडू आणायला. त्याची कडी मैदानाच्या बाजूला.

मावशींनी ते सगळं नीट पाहिलं. "परस माजा, अन् कडी तुमच्याकडनं?" त्या म्हणाल्या आणि पायानं एक दगड ढकलला. निम्मे देश खाली आले.

मुख्याध्यापक दुखावून ऑफिसात गेले. मुलंही पांगली. न्यूझीलंड तेवढी थांबली. तिनं ओढणी कमरेला बांधली. "मावशे, तुमास्नी कसा पायजे?"

"व्हता तसा."

त्या मुलीला घरच्या भातखाचरांचे बांध घालायची सवय होती. खाली कुठला दगड, त्यावर कुठला, फटीत चिपा कशा बसवायच्या, हे मावशी सांगत होत्या आणि ती करत होती. मीही पदर खोचला आणि दगड हातात देऊ लागले. थोड्या वेळानं कॅप्टन परत आला. मोठे दगड त्यानंच उचलले. उन्हं उतरायच्या आत गडगा पुरा झाला. निळे दगड मावशींनी तळाला घालायला लावले.

भोरच्या स्पर्धेत परीक्षकांनी न्यूझीलंडची भूमिका विचारली. पाठ केलेलं सगळं विसरून ती म्हणाली, "आदी त्यास्नी इचारायचं, कसं पायजे. मग त्यांच्या हाताखाली राबायचं. अन् दार ठिवायचं न्हाई."

"कसलं दार?" एका परीक्षकांनी विचारलं.

तिनं म्हशीसकट सगळं सांगायला घेतलं. वेळ संपल्याची घंटा दोनदा वाजली तरी ती घेवड्यापर्यंतच पोचली होती. पहिलं बक्षीस सात समित्या नेमणाऱ्या शाळेला मिळालं. आमच्या कागदावर शेरा होता: 'विषय सोडून बोलणे.' मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. बक्षिसाची थोडी आशा मलाही होतीच. पण ती बोलत असताना मी खाली मान घालून बसले होते, आणि ते बक्षिसाच्या काळजीनं नव्हे.

मुख्याध्यापकांनी शेरा दोनदा वाचला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि परतीची एसटी कितीला आहे ते विचारायला स्टँडच्या खिडकीकडे गेले.