बारा सारखे डबे

मी राहनाळच्या एका गोदामात स्टॉक सांभाळते. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, हे मला विचारायचं. तिथला एक नियम मला फार आवडतो. सहा महिने जो माल हलला नाही, तो डेड स्टॉक. त्याला जागा द्यायची नाही. हा नियम अंगात इतका मुरला की एक दिवस मी तो घरी आणला.

घर अंजूरला. सासूबाई, नवरा आणि मी, अशी तीनच माणसं. जुनं घर पाडून हे नवं बांधलं तेव्हा सासूबाईंनी जुन्यातली एकही वस्तू मागे सोडली नव्हती. माळ्यावर हात तुटलेल्या खुर्च्या होत्या, तीन बिघडलेले मिक्सर होते, आणि भाताची रिकामी पोती तर किती होती कोण जाणे. पसारा दिसला की माझं डोकं उठतं. चार रविवार खपून मी सगळं उपसून काढलं. पलंगाखालून झाडू आरपार फिरायला लागला. सासूबाई कुरकुरल्या, पण अडवलं नाही. मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या रविवारी स्वयंपाकघर घेतलं. नणंद सासूबाईंना चार दिवसांसाठी पडघ्याला घेऊन गेली होती. खोटं कशाला बोलू, मी मुद्दामच तो रविवार निवडला. फळीवर एकाचाही दुसऱ्याशी मेळ नसलेले डबे होते. तांदळाच्या पिठाचा पितळी डबा पोचे आलेला, मिरचीपूड बिजागरीच्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डाळ नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात, आणि मीठ कान तुटलेल्या बरणीत. मी बारा सारखे पारदर्शक डबे आणले. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांना लेबल वाचता येणार नाही, म्हणून आतलं दिसेल असेच घेतले. एवढा विचार केला म्हणून स्वतःवर खूशही झाले. रोज लागणारं पुढे, कधीमधी लागणारं मागे, अगदी गोदामासारखं लावलं. भंगारवाला दारात आला तेव्हा त्याने पितळी डबा हातात घेऊन विचारलं, "भाभी, ये भी जाएगा?" मी म्हटलं, "सब ले जाओ."

सासूबाई परत आल्या, फळीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगला केलास." बाकी काही नाही. मला वाटलं, चला, पटलं.

दोन दिवसांनी पाहिलं तर बाराही डब्यांची झाकणं नुसती ठेवलेली, एकही नीट लागलेलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. गोदामात कुणी खोकं उघडं टाकलं की मी जशी बोलते, तशीच बोलले. "आई, मुंग्या लागतील. एक डबा हवा तर बारा कशाला उघडता?" झाकणं तशीच राहत होती, आणि मी रोज बोलत होते.

आठवड्याने त्यांनी सकाळी परात माझ्याकडे सरकवली. "तूच कर आता. माजे गुडघे दुखतान."

आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या त्यांच्याच हातच्या. नवऱ्याला दुसऱ्या कुणाची भाकरी चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. माझ्या भाकऱ्या काठाला फाटतात. पण मी मनात म्हटलं, डबे टाकले म्हणून रुसल्या आहेत, रुसू देत. मी चपात्या करायला लागले. त्या ओटीवर हात मांडीत घेऊन बसायच्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं रिकाम्या हाताने बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचा रागच यायचा.

नंतरच्या रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर त्या फळीपाशी उभ्या होत्या. एक डबा उघडला, नाकाशी नेला, ठेवला. दुसरा उघडला, बोटाने चाचपला, ठेवला. समोर लालभडक मिरचीपूड दिसत होती. त्यांनी तो डबाही उघडला, वास घेतला आणि ठसका लागून मागे सरकल्या.

मी साखरेचा डबा उचलून त्यांच्यासमोर धरला. "आई, यात काय आहे?"

"ठेव गो. कशाला छलतेस?"

"नुसतं सांगा."

त्यांनी हात पुढे केला. तो डब्यापासून वीतभर बाजूला गेला.

मी खाली बसले. किती दिवसांपासून, असं विचारलं. म्हणाल्या, गणपतीपासून, आधी धूर दिसायचा, आता नुसत्या सावल्या. जुन्या डब्यांचं त्यांना काही अडत नव्हतं. पोचे, बिजागरी, कोरलेलं नाव, तुटलेला कान, सगळं हाताला कळत होतं. ते सगळं मी भंगारात दिलं होतं, आणि वर रोज झाकणांवरून बोलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितला असता तर गॅसजवल येऊ दिला असतास मला?"

नसतं दिलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना भंगाराच्या दुकानात गेले. माल पुढे गेला होता. संध्याकाळी आम्ही दोघी डबे घेऊन जमिनीवर बसलो. त्या सांगत गेल्या, मी बांधत गेले. मिठाला सुतळी, मिरचीला दोन गाठींची चिंधी, पिठाच्या झाकणावर काचेची बांगडी चिकटवली. मग त्यांनी क्रम सांगितला. मोहरी, हळद, मिरची, मीठ, ज्या क्रमाने टोपात पडतं त्याच क्रमाने. इतकी वर्षं मी ज्याला पसारा म्हणत होते, तो असा लावलेला होता.

तेवढ्यात नवरा आला आणि फळी बघून दारातच थांबला. "हे काय ग? एवढं छान लावलं होतंस." सासूबाईंचा हात डब्यावर होता तिथेच राहिला. त्यांची मान खाली गेली.

मी म्हटलं, "आईंना दिसत नाही. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, सुट्टी टाक."

"दिसत नाही? आणि मग गॅसपाशी..."

"भाकऱ्या त्याच करतील," मी म्हटलं. "मी इथे उभी राहीन."

तो काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात लांब केला, बांगडीचं झाकण चाचपलं आणि परातीत पीठ घेतलं. मी गॅस पेटवला आणि बाजूला झाले.