गोड्या बावेचं पाणी

आमच्या सोसायटीत पाणाड्या आला तो रविवार होता. चेअरमन नगर जिल्ह्यातले, एका बँकेत अधिकारी. कर्जाच्या कागदावर स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवणारा माणूस. पण पाण्याचा प्रश्न आला तसा त्यांनी थेट गावाहून पाणाड्या बोलावला. त्याला एस.टी.चं भाडं, चहा-नाश्ता, वर टोपी-उपरणं. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून पार्किंगमधून चालायला लागला आणि त्याच्या मागून आम्ही सगळे, बी.कॉम., बी.एस्सी., दोन इंजिनियर आणि मी, भूगोलाची शिक्षिका.

कंपाउंडच्या भिंतीपाशी, जुन्या गावाच्या बाजूला, नारळ उभा राहिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, काही वर्षांपूर्वी इथे भरतीला खाडी येत होती, तिच्यावर ट्रकांनी मुरूम ओतून आपल्या बिल्डिंगा उभ्या केल्यात, इथे नारळ उभा राहणार नाही तर काय होईल? खाली पाणी आहेच. प्रश्न आहे कुठलं पाणी. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी सत्यनारायणाच्या पूजेत शिंकले होते.

आम्ही सानपाड्याला राहायला आलो तेव्हा निम्म्या फ्लॅटना कुलपं होती. नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी यायचं आणि तेही धो धो. मग कुलपं निघाली. एकेका फ्लॅटमध्ये नवरा-बायको-मुलं, मग गावाहून आईवडील, मग रबाळ्याच्या कंपनीत लागलेला धाकटा दीर, मग कॉलेजला आलेला भाचा. गॅलऱ्या बंद करून खोल्या झाल्या. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक बिल्डिंग आली, तिच्या मागे चार. शाळेत सहावीची एक तुकडी होती, तिच्या पाच झाल्या आणि एका बाकावर चार-चार पोरं कोपराने एकमेकांना ढकलत बसू लागली. पाणी मात्र तेवढंच राहिलं, धरणातून यायचं तेवढंच. आधी संध्याकाळचं बंद झालं, मग सकाळचं तासावर आलं, मग चौथ्या मजल्यावर ते चढेना. चौथ्या मजल्यावर आम्ही होतो.

पुस्तकात एक धडा होता, लोकसंख्यावाढ आणि नैसर्गिक साधनसंपत्ती. दरवर्षी मी विचारायची, पाणी, जमीन, दगड-माती यांवर ताण कशामुळे पडतो? दरवर्षी पहिलं उत्तर यायचं, झोपडपट्टीमुळे. मी विचारायची, तुझ्या घरी किती माणसं? सात. गाडी धुता का? हो बाई, रोज. मग तुम्ही लोकसंख्येत येता का? सगळा वर्ग हसायचा. पोरांचं काय चुकलं? मोठी माणसं तरी वेगळं काय बोलतात! आमच्याकडे लोकसंख्या नेहमी दुसऱ्यांची असते. आपली असतात ती माणसं.

त्या रविवारचा नारळ उभा राहिला तिथून जुन्या गावातली पहिली विहीर हाकेच्या अंतरावर होती. तिला गोडी बाव म्हणायचे. आमच्याच शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या सासरची ती विहीर. आम्ही दोघी एकमेकींना बाईच म्हणायचो, शाळेतली सवय. शाळेत त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या आणि घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की ण चा न करून टाकायच्या. आजूबाजूला मिठागरं, खाडी, खारी जमीन आणि मध्ये ही एकच विहीर नारळपाण्यासारखी गोड. नळ गेला की आमच्या सोसायटीच्या बायका कळशा घेऊन तिकडे जायच्या. तिथे कुणी कधी कुणाला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. उलट पोहरा धरायचा कसा ते त्या बाईंनीच आम्हांला शिकवलं, कारण नळावर वाढलेल्या आमच्या हातांना ते येत नव्हतं.

ही विहीर गोड कशी, यात जादू काही नव्हती. गाव एका उंचवट्यावर होतं. पावसाचं पाणी त्या मुरमात मुरायचं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहायचं, दुधावर साय असते तसं. गोडं पाणी हलकं, खारं जड. हलक्या हाताने वरवरचं काढत राहिलात तर ती साय दरवर्षी पुन्हा धरते. खाली नळी घालून जोराने ओढायला लागलात की खालचं वर येणारच. सोसायटीच्या मिटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं. भांड्यात दूध घेऊन गेले नाही एवढंच.

माझ्यानंतर चेअरमन उठले. म्हणाले, मॅडमचा अभ्यास आहे, रिस्पेक्ट आहे, पण आमच्या गावाला दीडशे फुटांवर पाणी लागेना, तीनशेला लागलं. जेवढं खोल जाल तेवढं पाणी चांगलं. माना डोलल्या. हॉलमधली बहुतेक माणसं देशावरची, नगर, सातारा, सोलापूर, बीड. कोरड्या विहिरी बघत वाढलेली. खोल म्हणजे चांगलं, हे त्यांच्या हाडांत होतं. माझ्याही माहेरी माण तालुक्यात माझ्या वडिलांनी असंच खोल खोल जात आयुष्य घालवलं, मला ते कळत नव्हतं असं नाही. पण माणमध्ये खोल गेलं तर कोरडा कातळ लागतो आणि इथे खोल गेलं तर समुद्र लागतो, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ठरावाच्या बाजूने हात वर झाले. त्यात माझ्या नवऱ्याचा हात होता. घरी आल्यावर म्हणाला, "अगं, चौथ्या मजल्यावर बादल्या कोण चढवतं? मीच ना?" ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

बोअर मारली. पाणी लागलं आणि गोड लागलं. लागणारच, गावाच्या पोटातलंच ते. चेअरमननी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला पेढा देताना म्हणाले, "टीचर, पुस्तकातलं पुस्तकात." त्या वर्षी आमच्याकडे चोवीस तास पाणी होतं. लोक फरशा धुवायचे, गाड्या धुवायचे, जिने धुवायचे, एका गृहस्थांनी तर आख्खी कंपाउंडची भिंत धुतली. आमचं बघून शेजारच्या सोसायटीने मारली, मग त्यांच्या पलीकडच्यांनी. त्यांच्याकडे पाणाड्या आला की नाही कोण जाणे, आमचा नारळच सगळ्यांना पुरला.

मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेले, नव्या शहराच्या कचेरीत गेले, ग्रामपंचायत होती तिथे गेले. एकाने सांगितलं, भूजल आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने विचारलं, तुमच्या सोसायटीला पाणी आहे ना, मग तक्रार कसली? तिसऱ्याने चहा पाजला. तो साधा माणूस होता, त्याच्यावर चिडताही येईना.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा शाळेत मधल्या सुट्टीत त्या बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. डबा उघडला नाही. म्हणाल्या, काल घरी डाळ शिजली नाही, दोनदा चुलीवर ठेवली तरी दाणा तसाच. मला लगेच कळलं, खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. संध्याकाळी त्यांच्याबरोबर विहिरीवर गेले, पोहऱ्यातलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. मचूळ. अजून खारं नाही, पण गोडही नाही, आजारी माणसाच्या तोंडाची चव असते तसं. त्यांचे सासरे ओटीवर बसले होते. मी एवढं बोललेय, एवढी भांडलेय, हे त्यांना सांगावं असं फार वाटलं, पण त्याचा त्यांना काय उपयोग होता? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती बाव मीठ घातल्यासारखी झाली. परकरी पोरी तिथे फक्त भांडी विसळायला यायच्या.

आमची बोअरही खारट झालीच. नळांना गंज चढला, साबणाचा फेस होईना, संडासाच्या टाइल्सवर पांढरे थर बसले. पण सोसायटीला हातपाय हलवता येतात. ओळखी निघाल्या, अर्ज गेले, आम्हांला धरणाच्या पाण्याची जाडी लाइन मिळाली आणि टाकी पुन्हा भरू लागली. गावाला एक बारीक लाइन होती, तिला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं आणि तिथे भांडणं व्हायची. दरम्यान आमच्या मिटिंगमध्ये नवा नियम झाला, टाकीखालच्या नळावर बाहेरच्यांनी पाणी भरायचं नाही. मी विरोधात हात वर केला. एकटीचा हात होता तो. नवऱ्याने या वेळी कुठलाच हात वर केला नाही, त्यालाच मी सुधारणा मानली.

त्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं ते त्याच काळात. त्यांच्या घरची एक रीत होती. हळदीच्या दिवशी सकाळी नवरीला अंघोळ घालायच्या आधी गोड्या बावेच्या पाण्याची ओंजळ प्यायला द्यायची, म्हणजे माहेरची गोडी तोंडात घेऊन मुलगी सासरी जाते. बाई मला शाळेत म्हणाल्या होत्या, कुणी काही म्हणो, मी माझ्या पोरीचं तोंड खारं करून तिला धाडायची नाही. त्यात घोर होता तो आत्येसासूबाईंचा. उरणकडे दिलेली, नव्वदीला टेकलेली म्हातारी, याच घरात जन्मलेली. स्वतःच्या लग्नात तिने तीच ओंजळ प्यायली होती. ओंजळ भरायचा मान तिचा. बाव बिघडल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं, कुणाचा धीरच झाला नव्हता.

हळदीच्या दिवशी सकाळी गावाच्या नळाला पाणी आलंच नाही, तशा बाई आमच्या गेटवर आल्या. अंगावर लग्नघरातली साडी, कमरेवर घासून लख्ख केलेली पितळी कळशी, मागे दोन जावा. मी त्यांना टाकीखालच्या नळाकडे नेत होते तेवढ्यात चेअरमन गाडी काढायला खाली आले. त्यांना पाहून वॉचमन एकदम कर्तव्यदक्ष झाला आणि नळासमोर जाऊन उभा राहिला. मी लग्नाचं सांगितलं. एक कळशी पाणी, म्हटलं.

"मॅडम, पर्सनली घेऊ नका," चेअरमन म्हणाले. "पण बाहेरच्यांना पाणी नाही, हे मिटिंगमध्ये ठरलंय. आज एक कळशी दिली की उद्या आख्खं गाव येणार. पॉप्युलेशन किती वाढलंय बघताय ना? तुम्ही तर तेच शिकवता."

मी म्हटलं, "बाहेरची कोण, साहेब? या इथल्याच. त्यांच्या सासऱ्यांच्या खाडीकाठच्या शेतावर तुमची गाडी उभी आहे. त्यांच्या विहिरीचं पाणी आपण ओढून गाड्या धुतल्या. वाढलो ते आपण. तुम्ही आणि मी."

ते हसले. खरंच हसले, वाईट हेतूने नाही, आपली टीचर अशीच आहे म्हणून. बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, जाऊ द्या, उशीर होतोय. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी त्यांच्या कमरेवरची कळशी काढून घेतली आणि चार मजले चढले. आमच्या स्वयंपाकघरातल्या पिंपातून ती भरली आणि उतरले. माझ्या घरातून काय बाहेर जातं यावर अजून ठराव झाला नव्हता. गेटमधून जाताना चेअरमनच्या गाडीला कळशी लागून ओरखडा पडला असता तर मला आवडलं असतं, पण तेवढंही झालं नाही.

गावातल्या घरी मांडवात पाट मांडला होता. नवरी बसली होती, बायका धवळ्याची लग्नगाणी म्हणत होत्या. आत्येसासूबाईंना दोघींनी धरून आणलं. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नव्हतं. कळशीच्या काठाला हात लावून त्यांनी विचारलं, "पानी कुठलं आनलंस गो?"

बायकांचं गाणं थांबलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "घरचंच हाय, आत्ये," त्या म्हणाल्या. "आपल्या बावेचं."

म्हातारीने ओंजळ भरली. नवरीला द्यायच्या आधी स्वतः एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि चेहराभर हसली.

"तरीच," ती म्हणाली. "तीच गोडी हाय."

माझ्या तोंडात शब्द आला होता. तो धरणाचं नाव होतं, की चेअरमनचं, की माझ्या सोसायटीला घालायची शिवी, मला अजून सांगता येणार नाही. बाईंनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, बांगड्या रुतेपर्यंत. म्हातारी दुसरी ओंजळ भरत होती आणि ती नवरीने पुरती पिईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.