पट्टा तुटल्याचं सोंग

सुरुंगानं माझा डावा पाय नेला, सरकारनं नकली पाय दिला आणि गावानं काम दिलं. पगार नाही, सुट्टी नाही. कोणाची बाई अडली, कोणाला साप चावला, की न्या फौजीले बोलावून. फौजी रिकामाच असते, असं गावाचं ठाम मत. जन्म त्यातच गेला.

कपाशीवर बोंडअळी आली त्या सालांत फवारणी काही थांबेना, तसा मी शिटी घेऊन बांधाबांधानं फिरू लागलो. वारा फिरला, वाजव शिटी. तोंडाला फडकं नाही, वाजव शिटी. पंपाचं नोझल तुंबलं की आमचे लोक ते काढून सरळ तोंडानं फुंकतात, बासरी असल्यासारखं. त्याला शिटीसोबत एक शिवी. फडकी माझी बायको शिवायची, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची. भल्या भल्या मिशा तिच्या फुलाफुलांखाली झाकल्या.

मग ती गेली. मी दार लावून बसलो. म्हटलं, गाव गेलं चुलीत.

एका दुपारी शेजारची सून धावत आली. "काकाजी, हे सकायपासून फवारून राह्यले. डोळे लाल झाले, तरी नोझल फुंकूनच राह्यले. माह्यं आयकत नाही."

"मी का त्याची माय आहो?"

"काकू असत्या तर तुमाले ढकलतच नेलं असतं."

खरं होतं. पाय चढवला, ऑटो बोलावला, सुनेला बसवलं, शेत गाठलं. गडी छातीइतक्या कपाशीत डुलत होता.

"अबे, निघ बाहेर!"

"चारच ओळी राह्यल्या ना जी."

समजावलं. शिव्या दिल्या. त्याच्या बापालाही दिल्या, बाप माझा दोस्त होता. तो पुढेच. मागं धावायला माझा पाय पडला सरकारी. शेवटी बांधावर बसलो, पाय काढून फेकला आणि बोंबललो, "मेलो रे!"

पंप टाकून आला. "का झालं?"

"पट्टा तुटला. उचल मले."

"आताच तुटाले पाह्यजे होता!" असं म्हणत त्यानं मला ऑटोत नेऊन टाकलं. मी त्याची कॉलर सोडलीच नाही. "बस आत." मागून सून आली, एका काखेत माझा पाय, हातात फवारणीच्या औषधाची बाटली, डॉक्टरला दाखवायला. अर्ध्या रस्त्यात तो ओकायला लागला.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं ते माझ्याजवळ. "बाई, माह्यं जुनं आहे, याले घ्या!" मी ओरडलो.

डॉक्टर म्हणाले, वाचेल असं आज सांगता येत नाही. सून म्हणाली, "काकाजी, तुमी घरी जा." घरी कोण होतं? बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. डबा तिच्या सासूचा यायचा, तिखटजाळ. डोळ्यांतून पाणी आलं की मी भाजीवर ढकलायचो.

पाचव्या दिवशी तो उठला आणि माझा खांदा धरून मोरीपर्यंत चालला. दोघांचा मिळून धड पाय एकच.

नर्स ओरडली, "पडाल ना दोघंही!"

नाही पडलो.